बनातीवरचे पेले

पाणी पिऊन झालं की शरबतचाचा पेला पालथा करायचे. मग तो माझ्या दुकानातला असो, नाही तर कुणाच्या घरी पाहुणचारात पुढं आलेला. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. ते बुडाच्या कडेवरून हळूच फिरवायचे आणि पेल्याचं वय सांगून मोकळे व्हायचे. एका लग्नात त्यांनी वरबापाला सांगितलं, की आहेरातले हे हिरवे पेले तुम्ही आजोबांच्या वेळचे म्हणून मिरवताय, पण ते नवरदेवाहून लहान आहेत. मांडवात लोक हसले. मी हसलो नाही, कारण ते पेले माझ्याच दुकानातून गेले होते.

मी दौलताबादकडचा. सडकेवर सीताफळं विकत विकत शहागंजात जुन्या वस्तूंच्या दुकानापर्यंत पोचलो, तो कुणाच्या पाठबळावर नाही, तोंडाच्या बळावर. चाचा एका जहागिरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, तीस वर्षं शरबतखाना सांभाळून होते. पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेल्या, नोकरमाणसं कमी झाली, आणि चाचा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागले. पगार घेत नसत. चहा घेत आणि माझे सौदे मोडत.

रंगीत काच मला त्यांनीच शिकवली. साच्यातला पेला असेल तर अंगावर शिवण लागते. टिचकी मारली तर चांगली काच लांबपर्यंत गुणगुणते. खरा लाल पेला उन्हात धरला की त्याचा रंग डाळिंबासारखा दिसतो, विटेसारखा नाही. पण या सगळ्यांवर त्यांचा भरवसा थोडा. "रंग झूठ बोलता, आवाज झूठ बोलता. पेंदा नहीं बोलता," म्हणायचे. पेंदा म्हणजे बूड. जुना पेला हजारदा फरशीवर ठेवला जातो, म्हणून त्याच्या बुडाला सगळ्या दिशांनी बारीक खरखर येते. लबाड माणूस वाळूवर घासतो, त्याच्या रेघा एकाच अंगानं जातात. साल ते कधी सांगत नसत. "रेल आने के पहले का," किंवा "बडे सरकार की शादी के बाद का," एवढंच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी त्यांचं अडलं नाही. नख होतं.

त्यांचा एक कडक नियम होता. मोठ्या घरातला माल कुणाचा, हे विचारायचं नाही. त्या वर्षांत देवड्यांमधून वस्तू अशाच बाहेर पडत. बांगड्या भरणारी बाई जनान्यात जायची आणि येताना टोपलीत, बांगड्यांच्या खाली, काहीतरी घेऊन यायची. घराचं नाव ना ती सांगायची, ना आम्ही विचारायचो. मी एकदा विचारलं, तर चाचा दोन दिवस दुकानाकडं फिरकले नव्हते.

अशीच एका सकाळी ती सहा लाल पेले घेऊन आली. मालकीणबाईंनी सांगितलंय, आजेसासऱ्यांच्या वेळचे आहेत, म्हणाली. मी टिचकी मारली. नाद लांब गेला. चाचांच्या हातात दिले. त्यांनी सहाही बुडांवर नख फिरवलं. गुळगुळीत. "कारीगर अच्छा है, माल नया है," म्हणाले. बांगडीवाली म्हणाली, बाईसाहेब खोटं कशाला बोलतील? चाचा म्हणाले, "बीबी, घर झूठ बोल सकता, पेंदा नहीं बोलता." मला भाव पाडायला तेवढं पुरलं. नाद कानात घुमत होता, तरी मी नव्या मालाचेच पैसे मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला निघालेलं एक परदेशी जोडपं ते पेले घेऊन गेलं. दुपारी मी चाचांना मजेत सांगत होतो, की मडमेला त्यातला एकच पेला फार आवडला, देठाच्या आत जिऱ्याएवढा बुडबुडा होता म्हणून. चाचांनी कप खाली ठेवला.

"बुडबुडा सीधा था के तिरछा?"

"तिरका होता. का?"

त्यांनी सांगितलं, की त्या पेल्याशिवाय बडे सरकार, म्हणजे त्यांचे जहागिरदार, शरबत पीत नसत. ते सहा पेले रोज धुऊन, पुसून चाचा स्वतः ठेवत, मऊ लोकरी बनात अंथरलेल्या तबकात. "तीस बरस मैं उनको पत्थर लगने नहीं दिया, सेठ. खरखर कहाँ से आती?"

मी पहाटेच्या गाडीनं अजिंठ्याजवळचं फर्दापूर गाठलं. डाक बंगल्याचा रखवालदार म्हणाला, साहेबलोक रातीच जळगावला गेले, आता मुंबईच्या रेल्वेत असतील. परत आलो तो चाचांवर ओरडतच. चुकलात तर चुकलात, मला सांगितलं कशाला? कुणाला कळलं असतं? त्यांनी ऐकून घेतलं. मी थंड झाल्यावर म्हणालो, चला, देवडीवर जाऊन बाईसाहेबांची माफी मागू. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, माफी मागायची म्हणजे तुमच्या घरचे पेले बाजारात आले हे मला माहीत आहे, असं तोंडावर सांगायचं. वरून त्यांना खोटं ठरवलं ते मीच, हेही. बांगडीवालीच्या हाती वाढीव पैसे पाठवले असते, तरी तोच बोभाटा. सौद्यात मला वाट सापडली नाही असं कधी झालं नव्हतं. इथं सापडेना.

दर जुम्म्याला देवडीवर सलाम करायला जायचे, ते त्यांनी बंद केलं. दुकानात पेला पुढं केला, तर हात शालीत ओढून घ्यायचे.

ईदेला मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. देवडीचा म्हातारा नोकर शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. डबा ठेवला आणि उभाच राहिला. मग म्हणाला, "बेगमसाब पूछ रहे थे, आप आते नहीं. हमारे से कुछ गलती हुई क्या?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी डब्याकडं पाहत राहिलो.