ट्रस्टचं घर

नव्या टॉवेलची घडी उघडली की खळीचा वास येतो आणि मला सोलापुरातलं माझं पहिलं ऑफिस आठवतं. मी वकिलीला नुकतीच लागले होते. ऑफिसचे मुख्य वकील, आमचे सर, फळ्यावर चौकटी काढून शिकवत होते: फायनान्स कंपनी हजारो कर्जांचं गाठोडं बांधून एका ट्रस्टला, म्हणजे फक्त कागदावर असलेल्या संस्थेला, विकते, ट्रस्ट त्याचे तुकडे गुंतवणूकदारांना विकतो. तेवढ्यात एक यंत्रमागवाली बाई अशाच एका कंपनीच्या वतीनं आमच्याच ऑफिसनं पाठवलेली नोटीस घेऊन दारात आली. नवऱ्याच्या आजारपणात हप्ते थकले होते आणि उद्या तिचा माग उचलून नेणार होते. तिच्या पदरालाही खळीचा वास होता. “कंपनी म्हणती, कर्ज विकलं. कुणाला विकलं तेवढं सांगा की सायेब, त्याच्या दारात जाऊन बसते.” “ट्रस्टला, मावशी,” सर म्हणाले. “त्याचं घर कुटं हाय?” “त्याला घर नसतं.” ती फळ्यावरच्या चौकटींकडं बघत राहिली. “घरच न्हाय, तर माझा माग कुटं ठेवणार त्यो?” सर हसले आणि मला म्हणाले, “बघ, ट्रस्ट तुझ्याआधी हिला कळला.” दोन दिवसांनी मी तिच्याकडं गेले, तेव्हा फरशीत मागाचे बोल्ट तेवढे उरले होते. आता मी कर्जदारांच्या बाजूनं लढते, आणि कंपनीच्या प्रत्येक नोटिशीला उत्तर देताना पहिला प्रश्न तिचाच विचारते: ज्याला कर्ज विकलं, त्याचं घर कुठं आहे? उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.