रूथबाईंच्या भिंतीवरची नावं

रूथबाई परवा गेल्या. त्यांची भिंत आपण पुसली, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

'आपण' म्हणजे कोण, तेही सांगतो. इथलं, कॅरीतलं आपलं मंडळ. आणि मंडळाचा सेक्रेटरी, माझा मुलगा सुधीर.

हे वाचून काही जण नाराज होतील. कालपासून मला तोच घोर लागलाय. नात म्हणाली, "आजोबा, जस्ट पोस्ट इट." म्हणून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. कराडला दुकानांच्या पाट्या रंगवायचो. २००३ साली इकडे अमेरिकेत मुलाकडे आलो.

माझी नात ईशा दर शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये पेंटिंगच्या क्लासला जायची. सून सोडून जायची आणि मी मागे खुर्ची धरून बसायचो. पोरगी एकटी कशी ठेवायची, ही माझी काळजी.

क्लास रूथबाई घ्यायच्या. वय ऐंशीच्या आसपास. हिटलरच्या माणसांनी त्यांचं अख्खं घर मारलं होतं. लहानपणी त्या एकट्या वाचल्या.

त्या प्रत्येक मुलाला एक नाव द्यायच्या. तेव्हा मारल्या गेलेल्या एका मुलाचं किंवा मुलीचं.

त्या मुलाला काय आवडायचं ते शोधायचं आणि हॉलच्या भिंतीवर काढायचं. कळलंच नाही, तर त्या वयात स्वतःला जे आवडायचं ते काढायचं. खाली त्याचं नाव लिहायचं.

पोरांची अक्षरं वाकडी यायची. माझा हात शिवशिवायचा. एक दिवस न राहवून उठलो आणि ब्रश घेतला.

"यू आर अ पेंटर?"

"बोर्ड पेंटर," मी म्हणालो.

"गुड. आर्टिस्ट मला पुष्कळ आहेत."

तेव्हापासून नावं मी लिहायची. ऑइल पेंटमध्ये, ठसठशीत. ईशा एकेक अक्षर सांगायची आणि माझ्यावर ओरडायची, "आजोबा, नो! दॅट्स नॉट अ यू!"

एकदा मी गंमत म्हणून बोललो, आमच्या शाळेत कडक मास्तरांना आम्ही हिटलर म्हणायचो.

बाई हसल्या नाहीत. "त्यांनी कुणाला मारलं?"

"मारलं म्हणजे... छडीने."

"मग त्यांना त्यांच्या नावाने हाक मारा."

त्यानंतर मी तसं कधी बोललो नाही.

शेवटचं नाव त्यांनी मला दिलं. याकोब. त्यांचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा.

"त्याला काय आवडायचं?"

"आठवत नाही," म्हणाल्या. मग बराच वेळ ब्रश धूत बसल्या.

मग मी मला सहाव्या वर्षी आवडायची ती चिंच काढली. चांगली लांब, वाकडी, गाभुळलेली.

"ही कसली शेंग?"

"सावर. व्हेरी सावर." मी एक डोळा मिटून, आंबट लागल्यासारखं तोंड वाकडं करून दाखवलं.

बाईंनीही तस्संच तोंड केलं. सगळी पोरं हसली.

जाताना म्हणाल्या, "मिस्टर पेंटर, मी म्हातारी झाले. भिंतीकडे तुम्ही बघा."

मी हो म्हणालो.

पुढे त्या नर्सिंग होममध्ये गेल्या. क्लास बंद पडला. हॉल मंडळाने वर्षाच्या कराराने घेतला.

यंदा गणपतीत आरतीला गेलो. मखरामागे भिंत क्रीम रंगाची. कोरी.

"सुधीर, भिंत?"

"अण्णा, नंतर बोलू ना."

"नंतर कधी?"

"अहो, गणपतीच्या मागे मेलेल्या मुलांची नावं कशी ठेवणार? कमिटीत सगळेच म्हणाले, अशुभ दिसतं. मॅनेजरने विचारलं, भिंत ठेवायची का. मी नको म्हटलं, साइन केलं."

"मला विचारायचं तरी."

"तुम्हाला काय विचारायचं? तिथून घरी आलात की तुम्हीच आधी आंघोळीला जायचात. कशाला हात लावायच्या आधी."



खरं होतं. मेलेल्यांच्या नावांतून आलोय, म्हणून दर शनिवारी आंघोळ. बाईंशी हसायचो, बोलायचो, आणि घरी येऊन अंगावर पाणी घ्यायचो. त्यांना कधी कळलं नाही. मुलगा मात्र बघत होता.

तरी सुधीर, तू मला फसवलंस. मी नावं लिहिताना तूच फोटो काढलेस. मंडळाच्या अंकात छापलेस, 'आमचे अण्णा' म्हणून. आणि त्याच हाताने सही केलीस.

विघ्नहर्त्याला सहा वर्षांच्या पोराच्या नावाचं कसलं रे अशुभ?

त्यानंतरही मी दर आठवड्याला बाईंना भेटायला जायचो.

"हाऊ इज माय वॉल?"

"फाइन."

"अँड द सावर थिंग?"

"फाइन."

प्रत्येक वेळी त्या ते आंबट तोंड करून दाखवायच्या. मीही करायचो. त्याहून मोठं खोटं मी जन्मात बोललो नाही.

कमिटीला एक पेंटर म्हणून सांगतो. तुम्ही ऑइल पेंटवर पॉलिश पेपर न मारता साधा रंग फिरवलाय. तो टिकणार नाही.

आरती संपून सगळे प्रसादाला गेले, तेव्हा मी मखरामागे जाऊन हात फिरवला. चिंच बोटाला लागते. याकोबची सगळी अक्षरं लागतात.

वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतील. तेव्हा पुन्हा रंगवू नका. तेवढं ऐका. मी असेन नसेन.

आज बाईंचं दफन झालं. तिथे प्रत्येकाने माती टाकायची असते. फावडं होतं, मी हातानेच टाकली.

घरी आलो तर सूनबाईंनी माझ्यासाठी बाथरूममध्ये टॉवेल काढून ठेवलेला. न सांगता. बिचारीला इतक्या वर्षांची सवय.

सकाळची संध्याकाळ झाली. टॉवेलची घडी तशीच आहे. नखांत माती आहे. तशाच हातांनी हे टाइप केलंय.

रूथबाई, आता तरी खरं सांगितलं. याकोब भेटला तर त्याला ते तोंड करून दाखवा.

तुमचा,
बोर्ड पेंटर