वायर उचलणारा माणूस

पुण्याच्या ऑफिसनं मला दारव्ह्यातून काम करू दिलं ते एकाच अटीवर: नेट बंद पडता कामा नये. आठवडाभर दोन कंपन्यांची पत्रकं वाचून माझी झोप उडाली होती. शेवटी स्वस्तातल्या कंपनीचा फॉर्म भरायला तिच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसले.

शेजारी एक जण चहा पीत होता. भरलेल्या कापसाच्या गाडीवर, अगदी वर बसून, रस्त्यावर लोंबणाऱ्या वायरी बांबूनं उचलायचं त्याचं काम. मिशीतसुद्धा कापूस अडकलेला. फॉर्मवरचं नाव वाचून त्यानं बांबू वर रोखला.

"ताई, थे काळी वायर याच कंपनीची. माह्या हातानं दोनदा तुटली. आठ दिवस कोणी जोडाले आलं नाही. दुसऱ्या कंपनीची पांढरी तुटली, तं थे संध्याकाळीच आले, मले शिव्या देत."

मी पांढरी घेतली.

आता मीटिंगमध्ये कापसाची गाडी आली की मी बोलता बोलता अडखळते. खिडकीतून बांबू दिसतो, माझी वायर अलगद वर जाते, मग मी वाक्य पुरं करते.

परवा गाडीवर बांबू धरून दुसराच कोणी बसला होता.