वन्संचा एक क्विंटल

आमच्या वन्संच्या दारातून उपाशी परत गेलेला माणूस या पृथ्वीवर नाही, आणि असलाच तर तो डोळे मिटून पळालेला असणार. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण; कडेगावात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्याकडे गॅसची टाकी आणणारा माणूस हल्ली घरून न्याहारी न करताच निघतो म्हणे. एकदा आम्ही दोघी एसटीनं फलटणला निघालो होतो. वाटेत गाडी जरा टेकली, तेवढ्यात बाईंनी चालकाला शेंगदाण्याची चटणी लावून भाकरी दिली. झालं, गाडी हलेचना. लोक कुरकुरायला लागले, तर या त्यांनाच म्हणतात, "आवं, त्यो जेवतोय! जेवणाऱ्याला कुणी उठवतं व्हय?" आणि उरलेल्या भाकऱ्या त्यांच्यातच वाटून टाकल्या. कुरकुर बंद! अशा बाईंचं स्वतःचं वजन किती, ते मी सांगायची नाही. एवढंच सांगते, की मी त्यांना मिठी मारली तर माझे दोन्ही हात त्यांच्या पाठीवर एकमेकांना कधी भेटायचे नाहीत.

तर या वन्संनी वजन उतरवायची पैज घेतली, ती काही हौसेनं नव्हे. गावाबाहेर मेंढपाळांच्या मुलींचं वसतिगृह आहे. आईबाप मेंढरं घेऊन लांब लांब हिंडतात, पोरी इथं राहून शिकतात. वन्सं तिथं लाडू द्यायला गेल्या आणि बघितलं तर स्वयंपाक उघड्यावर, तीन दगडांवर. वारा सुटला की माती थेट आमटीत. त्या दिवशी घरी येऊन वन्सं भरल्या ताटावरून उठल्या. एवढी मोठी बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ! वन्संच्या समोर राहणारे सुभेदार, फौजेतून आलेले आणि आता उसाचे बागायतदार, थट्टेनं म्हणाले, "ताई, तुमी धा बायका मिळून एक क्विंटल उतरवा, मी आन माझे दोस्त पोरींना स्वयंपाकघर बांधून देतो." वन्सं म्हणाल्या, "सुभेदार, शब्द फिरवायचा न्हाई!" आणि नऊजणी गोळा केल्या. त्यांत मी पहिली. मला कुणी विचारलंच नाही.

पण वजन करायचं कसं? एकेकीनं काट्यावर उभं राहायचं म्हणताच वन्सं कडाडल्या, "बाईमाणसाचा आकडा चारचौघांत? न्हाई जमायचं!" मग तोडही त्यांनीच काढली. सुभेदारांचा ट्रॅक्टर, मागं ट्रॉली, ट्रॉलीत आम्ही दहाजणी, आणि वरात निघाली ती सरळ उसाच्या वजनकाट्यावर. रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरल्या त्या आम्ही. कुणाच्या वाटणीचं किती, देव जाणे. उसातला वाळका पाला, म्हणजे पाचट, बघायची सवय असलेला काट्यावरचा माणूस चावटपणे म्हणाला, "मावशी, पाचट लय हाय का वो ह्यात?" वन्सं वरून ओरडल्या, "रस बघ रं गड्या, रस!"

मग सुभेदारांनी आमची पहाटेची कवायत सुरू केली. लोकांना खाऊ घालणं काही वन्संना सोडवेना, म्हणून त्यांनी स्वतःचं खाणं निम्म्यावर आणलं. दिवाळीला नेहमीएवढेच लाडू वळले, पण बोटसुद्धा चाटलं नाही. आणि नजर कशी! एकदा मी पदराखाली पेढा लपवला, तर लांबूनच, "वैनी, त्या पेढ्यापायी पोरींच्या भिंतीची एक वीट कमी हुईल!" मी मुकाट्यानं पेढा सुभेदारांना दिला. त्यांनी तो एका दमात खाल्ला. त्यांचं वजन कुठं धरायचं होतं!

शेवटी पुन्हा काट्यावर गेलो. एक क्विंटल उतरला होता, अगदी नेमका! सुभेदारांनी सलाम ठोकला, आम्ही ट्रॉलीतच फुगड्या घालायच्या बेतात, आणि वन्संनी हात आडवा केला. "थांबा," त्या म्हणाल्या. "पयल्या खेपेला माझा लाडवांचा डबा ट्रॉलीत हुता. आन शेंगांचं अर्धं पोतं."

खरंच होतं. वन्सं रिकाम्या हातानं कुठं जातात का? जाताना ते सगळं आमच्या वजनात धरलं गेलं आणि येताना आम्हीच ते खात खात आलो; म्हणजे तेवढा भार उतरला तो आमचा नव्हेच. सुभेदार म्हणाले, "जाऊ द्या वो ताई. कोण बघतंय?"

"फौजेत असंच म्हणत हुता व्हय?"

सुभेदार ट्रॅक्टरकडं वळले. वन्संनी तसाच डबा, तेवढंच पोतं आणून काट्यावर ठेवायला लावलं आणि ते वजन आमच्या डोक्यावर पुन्हा बसवलं. त्या रात्री आम्ही नऊजणींनी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते लिहीत नाही. पहाटे मात्र दहाच्या दहा जणी रस्त्यावर हजर होत्या. संक्रांत तिळगुळाच्या नुसत्या वासावर काढली. आणि पुढच्या खेपेला काट्यानं क्विंटल दाखवला तो खरा, बिनडब्याचा.

स्वयंपाकघर उभं राहिलं. पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी अर्थातच वन्संची. पोरी पंगतीला बसल्या आणि मला काय भरून आलं कोण जाणे, मी वन्संना मिठी मारली. माझे हात त्यांच्या पाठीमागं एकमेकांना भेटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आनंद झाला, नाही कसा होईल. पण वाटलं, आमच्या वन्सं थोड्या कुठंतरी गेल्या की हो! एवढी ऊबदार बाई, त्यातली कितीतरी हातून निसटली.

"वैनी, सोडा आता. भाकरी करपंल," वन्सं म्हणाल्या.

मी हात सोडले. समोर पंगतीत गाल फुगवून पोरी जेवत होत्या, आणि निसटलेल्या वन्सं मला तिथं थोड्या थोड्या दिसायला लागल्या.