अडेकाकांची काठी

भुताखेतांच्या गप्पांत टवाळी करणारा माणूस मीच. इंजिनिअर, वर नास्तिक... अजूनही आहे, फक्त हल्ली गप्प बसतो.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्या समोरच्या घरात अडेकाका राहायचे. नायजेरियातले योरुबा. त्यांचे वडील गावाकडे झाडपाल्याचं औषध द्यायचे, कौल लावायचे. त्या वडिलांची लोखंडी काठी काकांकडे होती — टोकाला लोखंडी पक्षी, खाली छोट्या घंटा — खडी भरलेल्या बादलीत रोवलेली. हार्टच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी ती बादली माझ्याकडे आणून ठेवली. म्हणाले, "मी आहे तोवर ही आडवी होता कामा नये. एवढंच सांभाळ."

मी जर्मनमध्ये "या, गेनाऊ" — हो, बरोबर — म्हटलं आणि विसरलो.

तेव्हा आई पुण्याहून आली होती. काकांची आणि तिची एकही भाषा जुळत नव्हती, तरी रोज त्यांना डबा जायचा. तिला मी काठी काकांची आहे एवढंच सांगितलं. आडवी ठेवू नकोस, हे सांगितलं नाही... मलाच ते फालतू वाटलं होतं.

खंडेनवमीला सकाळी मी झेंडू शोधायला बाहेर पडलो. आईने पाटावर घरातलं लोखंड मांडलं — विळी, माझा ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर — आणि काकांना लवकर बरं वाटावं म्हणून त्यांची काठीही. हळदकुंकू वाहून मला फोटो पाठवला. फोटोत काठी पाटावर आडवी होती.

धावत घरी येऊन काठी बादलीत रोवली. ती हळूच कलली, आडवी झाली. तीनदा रोवली, तीनदा तेच. याच खडीत ती तीन आठवडे ताठ उभी होती! आणि पडताना एकही घंटा वाजली नाही.

आई म्हणाली, "राहू दे रे. दमली असेल ती."

तेवढ्यात काकांच्या मुलीचा, फोलाचा फोन आला. बाबा गेले. तिने सांगितलेली वेळ आणि आईच्या फोटोची वेळ एकच होती, मिनिटासकट.

फोला काठी न्यायला आली तेव्हा मी रडत सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "माणूस गेला की घरच्यांनीच ती आडवी करायची असते. तुझ्या आईने केली, बरं झालं." पण आधी काय झालं — काका गेले, की काठी आडवी झाली — हे तिलाही सांगता येईना.

आई आता पुण्यात सगळ्यांना सांगते, "काका गेले त्या दिवशी मी त्यांच्या काठीची पूजा केली होती." तेवढंच तिला समाधान. ती हे सदर वाचत नाही, म्हणूनच इथे लिहिलं.