प्लास्टिकातला पलंग

भाड्याची खोली घ्यायची तर रिकामी, हे माझं मत पहिल्या बदलीपासून ठाम होतं. रिकाम्या खोलीत मालकाचं काही नसतं, त्यामुळं त्याला डोकवायला निमित्तही नसतं. सामानासकट खोली म्हणजे मालकाच्या घरात जे मोडलंय पण टाकवत नाही, त्याचं गोदाम. त्या गोदामात आपण राहायचं आणि वर त्याचं भाडंही आपणच द्यायचं.

पन्नाशी जवळ आली तशी पाठीनं हे मत बदलायला लावलं. धाराशिवला बदली झाली तेव्हा डॉक्टरांनी नुकतंच बजावलं होतं, की जड उचलायचं नाही आणि जमिनीवर झोपायचं नाही. नवरा सोलापुरातलं दुकान सोडून येणार नव्हता. "टेम्पो मी करून देतो," एवढं तो म्हणाला. टेम्पोत कपाट चढवणार कोण, याबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं. मी दोन बॅगा आणि गॅसची शेगडी घेतली आणि ठरवलं, या वेळी सामानासकट.

पहिली खोली बसस्टँडच्या मागं होती. "फर्निश्ड हाय, मॅडम," म्हणून मालकानं दार उघडलं आणि वर छताकडं बोट केलं. पंखा होता. बाकीचं काय, असं विचारल्यावर त्यानं पंख्याचं बटण दाबून दाखवलं. दुसऱ्या खोलीत सोफेच सोफे होते, पलंग नव्हता. बसून झोपणाऱ्या माणसाला ती उत्तम होती.

तिसऱ्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली बघून मात्र मी दारातच थांबले. बॉक्सचा पलंग, त्यावर जाडजूड गादी, लोखंडी कपाट, ड्रेसिंग टेबल, कूलर. सगळं कोरं करकरीत. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. भाडेकरूसाठी एवढं नवं सामान आणणारा मालक मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. मालकीणबाई, ज्यांना गल्लीतले सगळे काकू म्हणत म्हणून मीही म्हणू लागले, स्वतःच्या पदरानं कपाटाचं दार पुसत होत्या.

"समदं हाय बघा. फकस्त माणूस न्हाय."

मी जागेवरच होकार दिला.

संध्याकाळी पाठ टेकावी म्हणून पलंगावर आडवी झाले. प्लास्टिक असं काही करकरलं, की काकू खालून जिना चढून वर आल्या.

"मॅडम, पलंगावर झोपलाव का?"

"पलंग आहे म्हटल्यावर कुठं झोपू?"

"बसा की. बसायला कोण न्हाय म्हणतंय? कडंला बसा. झोपू नका, गादी दबती."

"आणि कपाट?"

"त्याची किल्ली माझ्यापाशी हाय."

"कूलर?"

"त्यात पानी घालायचं न्हाय, गंजतो."

"काकू, मग मी वापरायचं काय?"

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. त्यांना खरंच विचार पडला होता. "खोली वापरा की," त्या म्हणाल्या.

म्हणजे भाडं घेऊन राखण करायला ठेवलेली मी पहिलीच बाई असेन. बंद खोलीत धूळ बसते, वाळवी लागते आणि लोक खोली बंद का म्हणून विचारतात. त्यापेक्षा नोकरीवाली, लेकरंबाळं सोबत नसलेली बाई ठेवली की झाडलोटही होते. त्या रात्री मी हजारोंच्या गादीशेजारी फरशीवर चटई टाकून झोपले. सकाळी उठताना कपाटाला धरून उठले. तेवढा त्याचा उपयोग झाला.

"हे सामान आहे कुणाचं?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"पोरीचं. लग्नात दिल्यालं."

"पोरगी कुठं असते?"

"खालीच हाय," काकू म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला निघून गेल्या.

पोरगी मी रोज बघत होते. सकाळी डबा घेऊन निघायची, बाजारातल्या एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभी राहायची. फार्मसी शिकलेली होती. तिची हकीकत तिनंच मला सांगितली, आणि तीही जिन्यावर कांदे निवडता निवडता, कांद्याच्या वाढलेल्या दराबद्दल तक्रार करावी तशी. लग्न मुरुमला झालं. थोरल्या दिराला मेडिकल दुकान टाकायचं होतं, पण तो फार्मसी शिकला नव्हता. दुकानाचा परवाना मिळायला फार्मासिस्ट लागतो. मग स्थळ बघताना फार्मसीवालीच बघितली. तिचं सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात टांगलं आणि तिला स्वयंपाकघरात पाठवलं. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

"मी म्हटलं, मी काउंटरवर बसते. सासू म्हणली, आमच्यात सुना गल्ल्यावर बसत न्हाईत. मग एक दिवस दुपारी दुकानात गेले, स्टुलावर चढले, फ्रेम काढली आन् एस्टीत बसले."

"आणि हे सामान?"

"ते मागनं बाबांनी टेम्पोत आणलं. तिकडंबी सासूनं प्लास्टिक काढू दिलं न्हवतं. माझ्या फ्रेमला काही टेम्पो लागला न्हवता," ती हसली.

सर्टिफिकेट नाही म्हणून दिराच्या दुकानाला टाळं लागलं. त्यामुळं सासरकडच्यांना अचानक सुनेची आठवण येऊ लागली होती. दोन्हीकडची वडीलधारी बसून मिटवतात ती बैठक ठरली होती. सासू आणि तिचा भाऊ रविवारी येणार, सामान दिलं तसंच आहे का बघणार, आणि सगळं पसंत पडलं की पोरगी सामानासकट परत मुरुमला. काकू इतके महिने प्लास्टिक जपत होत्या ते यासाठी. त्यांना पोरगी नकोशी झाली होती असं नाही. शेजारणींची चौकशी त्यांना सोसवत नव्हती. लेकीला विचारलं होतं का, असं मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तिला काय इचारायचं, ती न्हायच म्हनती."

शनिवारी काकू वर आल्या. "मॅडम, उद्याच्या दिस तुमच्या बॅगा खाली ठिवा आन् तुमीबी जरा भाईर जा. तुळजापूरला जाऊन या, दर्शन हुईल."

"नाही जाणार. माझी पाठ दुखतेय. भाडं महिन्याचं भरलंय, रविवार वगळून नाही भरलं."

काकू चिडल्या. "तुमास्नी आमच्या घरच्या गोष्टीत कशाला पडायचंय?"

"मला पडायचंच नाही काकू, मला झोपायचंय. एक तर हे सामान हलवून रिकामी खोली द्या, नाहीतर प्लास्टिक काढा."

पोरगी जिन्यात उभी राहून ऐकत होती. काकू पाय आपटत खाली गेल्यावर ती आत आली.

"मॅडम, कात्री हाय का?"

"सुरी आहे. भाजीची."

"चालंल."

मी सुरी दिली आणि कचेरीतल्या कामाचे कागद चाळत बसले. तिनं गादी उभी आडवी फाडली, म्हणजे प्लास्टिक फाडलं. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडं पहिल्यापासून होती. तिनं खालून कपडे, पुस्तकं, डबा, तेलाची बाटली आणून कपाट भरलं. आरशावर टिकल्या चिकटवल्या. कूलरमध्ये कळशीभर पाणी ओतलं. मग पलंगावर चढून दोन उड्या मारल्या. पोरगी अंगानं चांगली भरलेली होती. पलंगाची एक फळी बोलली.

"आता तुम्ही झोपा," ती म्हणाली.

मी झोपले. इतकी चांगली झोप मला त्या गावात तोवर लागली नव्हती.

रविवारी सासू आणि तिचा भाऊ आले. चहाच्या आधीच वर आले, त्यावरून कोण कशासाठी आलंय ते कळलं. सासूबाईंनी गादी दाबली, आरशावरच्या टिकल्या बघितल्या, कपाट उघडलं. एक ओढणी खाली पडली. काकू दारातच चौकटीला धरून उभ्या होत्या.

"हे तर वापरल्यालं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, मी वापरते," पोरगी म्हणाली. "लग्नात मलाच दिलं होतं न्हवं?"

"आमी नव्या सामानाचं बोललो होतो. आता गादी तरी नवी घ्यावी लागंल. पलंगबी हालतोय."

"आत्या, सामान नवं पाहिजे का मी पाहिजे?"

सासूबाईंनी भावाकडं बघितलं. भाऊ व्यवहारी माणूस होता. "दुकान चालू व्हाया पाहिजे, एवढंच हाय," तो म्हणाला. "सर्टिफिकेट दिलं तर पोरीचं नंतर बगू."

त्याला वाटलं, त्यानं मधला मार्ग काढला. पोरीचे वडील आतापर्यंत कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसले होते. घरात त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले. "च्या घ्या आन् दोनची गाडी धरा."

काकूंनी चहा केला. साखर घालायला विसरल्या. पाहुण्यांनी तो तसाच संपवला आणि गेले. त्यानंतर काकू माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत, नवऱ्याशी त्याहून जास्त दिवस. लेकीशी मात्र दुसऱ्याच दिवशी बोलल्या, कारण तिच्या डब्यात भाजी कोणती द्यायची हा प्रश्न होता.

महिना भरत आला तेव्हा पोरगी एका संध्याकाळी वर आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. मी अवघडून बसले, कारण आभार मानून घेणं मला जमत नाही.

"मॅडम, तुम्ही खोली कधी सोडताय?"

"का गं?"

"आता मी इथंच ऱ्हाणार म्हटल्यावर मला खोली लागंल की. खाली आई-बाबांच्या खोलीत किती दिवस निजू? आन् पलंग माझा हाय."

"माझी पाठ?"

"पाठीसाठी कडक गादी घ्या. ही लई मऊ हाय, तुम्हाला चांगली न्हाय. आमच्या दुकानात पट्टाबी मिळतो, कमरेला बांधायचा."

"सवलतीत?"

"सवलत मालक देतो, मी न्हाय," ती म्हणाली आणि पट्ट्यासाठी माझ्या कमरेचं माप घेऊ लागली.