गुळवेलीचा काढा आणि आईचे यकृत

"कावीळ हे नुसतं लक्षण आहे. लिव्हरला सूज आहे आणि ती कशामुळे आली, ते अजून कळलेलं नाही," असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आई तपासणीच्या टेबलावरून पाय खाली सोडून चपला शोधत होती.

लिव्हर म्हणजे यकृत. थकवा आधीपासून होता. मग जेवण नकोसे झाले, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली. डोळे सगळ्यात शेवटी पिवळे झाले.

तिला नगरमध्येच दाखल केले. हिपॅटायटिसच्या, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. सोनोग्राफीत खडा नव्हता. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातले पिवळे द्रव्य, वाढत राहिले. सकाळी रक्त, दुपारी रिपोर्ट, मधला वेळ बाकड्यावर. बाकड्यावर झोप लागत नाही आणि जागेही राहवत नाही.

काही औषधे घेता का, हे प्रत्येक डॉक्टरांनी विचारले. थायरॉईडची गोळी, एवढेच आई सांगे. ती काही लपवत नव्हती.

मावशी, आईची धाकटी बहीण, भंडारदऱ्याकडे राहते. कोरोनाच्या काळापासून ती आईसाठी गुळवेल तोडून पाठवत होती. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, असे आमच्याकडे मानतात. तिची कांडी ठेचायची, उकळायची आणि अनशापोटी पेलाभर प्यायची. घरात हा काढा चहाबरोबर धरला जाई. त्याला औषध कोणी म्हणत नसे.

कावीळ झाल्याचे कळताच मावशी थर्मास घेऊन आली. वॉर्डात कोणाला वावगे वाटले नाही. इतर खाटांखालीही थर्मास होते. चर्चमधून भेटायला आलेल्या बायकांनी तर तिच्याकडून कांडी मागून घेतली. आई आता काढा दोनदा घेऊ लागली. बिलिरुबिन आणखी चढले. पुण्याला हलवावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले. यकृत बदलण्याचा विषयही एकदा निघाला.

शेवटी बायोप्सी केली. तिच्यात सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासतात. तो रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी प्रश्न बदलला. "आजी, सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं, ते सगळं सांगा."

आईने गरम पाणी सांगितले आणि मग काढा.

डॉक्टरांनी थर्मास बाजूला ठेवायला लावला. त्यांनी सांगितलेले थोडक्यात असे: गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती चेतवते. क्वचित कोणाच्या शरीरात हीच शक्ती स्वतःच्या यकृतावर उलटते. थायरॉईडचे काही आजार असलेल्यांना हा धोका अधिक असू शकतो. काढा त्याच दिवशी बंद झाला आणि स्टेरॉईड, म्हणजे ही प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, सुरू झाले.

मावशी दारातच उभी होती. "म्या बी तेच पिते की. मला कसं काय झालं न्हाई?" तिने विचारले. डॉक्टरांनी तिचेही रक्त तपासायला पाठवले. रिपोर्ट नॉर्मल आला.

तो कागद घेऊन ती आईच्या खाटेच्या कडेला बसली.

"अक्का, माजं बी वाईट आलं असतं तर बरं झालं असतं."

"गप बस," आई म्हणाली. "दोघी आडव्या झालो तर डबा कोण आणील?"

बिलिरुबिन हळूहळू उतरले. खाज थांबायला कित्येक आठवडे लागले. आई आता जिना चढते, मध्ये थांबून. पुण्याला जावे लागले नाही, याबद्दल त्या डॉक्टरांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांना एवढेच सांगणे आहे की औषधांची चौकशी झाली तर काढा, चूर्ण, पाला, रस, सगळे सांगावे. वेल वाईट आहे, असे डॉक्टरांनी म्हटलेले नाही. मावशीला तर काढा सोडायलाही सांगितले नव्हते.

तिने तो आपणहून सोडला.